एक्स्टेन्शन 204: वॉर्डातला कॉर्डलेस आणि ‘कट’ होणारे फोन

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वीसेक खाटांचं हॉस्पिटल आहे. तळमजल्यावर रिसेप्शन, ओपीडी, एक्स-रे आणि मेडिकल. पहिल्या मजल्यावर वॉर्ड आणि स्पेशल रूम. दुसऱ्यावर ऑपरेशन थिएटर, आणि त्याच मजल्याच्या मागच्या भागात डॉक्टरांचं घर. रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर 2 लाइन, 16 एक्स्टेन्शनचा ईपीएबीएक्स लटकलाय, म्हणजे आतले फोन (एक्स्टेन्शन) आपसात आणि बाहेरच्या लाइनला जोडणारा डबा. तांब्याची लाइन जाऊन आता फायबर आलं आहे, पण नंबर जुनाच ठेवलाय, कारण तो प्रत्येक पेशंटच्या फाइलवर छापलेला आहे. मोबाइलच्या जमान्यात हॉस्पिटलात लँडलाइन का टिकते, याचं अर्धं उत्तर त्या फायलींत आहे. उरलेलं अर्धं असं की ड्यूटी बदलली तरी एक्स्टेन्शन बदलत नाही. 204 म्हणजे वॉर्ड, मग सिस्टर कुणीही असो.

वॉर्डातला जुना वायरचा फोन बाजूला ठेवून तिथे नवा कॉर्डलेस आणला होता. सिस्टरने अॅप्रनच्या खिशात टाकून फिरावं, फोन वाजला की पेशंट सोडून टेबलाकडे धावायला नको, हा साधा हिशोब. पण थोड्याच दिवसांत मला, म्हणजे तिथल्या फोनचं काम बघणाऱ्याला, मॅडमचा फोन आला. डॉक्टरांच्या पत्नी, हिशेब-खरेदी सगळं त्यांच्याकडे. “तो कॉर्डलेस बोगस निघालाय. ऑनलाइन घेतला होता, परत करायची मुदत गेली. तुम्ही बघून सांगा, टाकायचा की ठेवायचा.”

तक्रारी इन्चार्ज सिस्टरांनी सांगितल्या, आणि फार नीट सांगितल्या. रिसेप्शनवरून आलेला फोन डॉक्टरांकडे द्यायला गेलं की कट होतो. मिस्ड कॉल बघून परत लावला तर पेशंटच्या नातेवाइकाऐवजी रिसेप्शनवरची ताईच “हॅलो” म्हणते. दुपारी बाराला आणि रात्री आठच्या सुमारास आवाज तुटतो, एरवी बरा असतो. आणि रात्रपाळीत कधीतरी हँडसेट मरतोच.

चारही तक्रारी खऱ्या होत्या आणि संच मात्र धडधाकट होता. बाजारात मिळणारे बहुतेक कॉर्डलेस घरासाठी बनतात. कारखान्यातून निघताना त्यांच्यातलं सगळं सेटिंग ‘थेट एक्स्चेंजच्या लाइनवर लावलेला एकटा फोन’ असं गृहीत धरून केलेलं असतं. ऑफिसात तोच संच ईपीएबीएक्सच्या मागे एक्स्टेन्शन म्हणून बसतो, आणि तिथे त्याला वेगळं शिकवावं लागतं. त्याबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत या विषयाला एखादं पान असतं. ते कुणी वाचत नाही.

फोन कट कोण करत होतं

पहिल्या तक्रारीत सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून ती सविस्तर सांगतो.

साध्या एक्स्टेन्शनला दोनच तारा असतात. रिसीव्हर उचलला की त्या दोन तारांतून करंट वाहायला लागतो आणि ईपीएबीएक्सला कळतं की कुणीतरी फोन उचलला. करंट थांबला की फोन ठेवला. चालू असलेला फोन दुसऱ्याला द्यायचा असेल तर हाच करंट क्षणभर तोडून पुन्हा जोडायचा. त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. जुन्या फोनवर लोक हुकवर बोटाने टक् करायचे, तो फ्लॅशच. कॉर्डलेसवर त्यासाठी ‘आर’ लिहिलेलं बटण असतं.

हा क्षण किती लांबीचा, यावर सगळं अवलंबून. करंट 60-70 मिलिसेकंद तुटला तर जुन्या पल्स डायलिंगच्या हिशेबाने तो ‘1’ आकडा होतो. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेळ तुटला तर ईपीएबीएक्स समजतो, फोन ठेवला. या दोहोंच्या मधला पट्टा फ्लॅशचा. या ईपीएबीएक्समध्ये तो पट्टा 200 ते 800 मिलिसेकंद असा भरलेला होता. आणि नव्या कॉर्डलेसचं ‘आर’ बटण कारखान्यातून 100 मिलिसेकंदांवर आलेलं होतं.

म्हणजे सिस्टर ‘आर’ दाबायच्या, पलीकडच्या माणसाला कानात एक बारीकसा टिक ऐकू यायचा आणि ईपीएबीएक्स ढिम्म. पण एवढ्याने फोन कट होत नाही. मग कट कशाने होत होता? मी माझ्या मोबाइलवरून हॉस्पिटलचा नंबर लावला, रिसेप्शनच्या ताईंना फोन 204 ला द्यायला सांगितलं, आणि सिस्टरांना म्हटलं, “आता हा फोन डॉक्टरांना द्या, रोज देता तसा.” त्यांनी ‘आर’ दाबलं. होल्डचं संगीत काही वाजलं नाही. एक सेकंद थांबल्या आणि अंगठा सरळ लाल बटणावर गेला, लगेच हिरव्यावर. डायल टोन आला. त्यांनी डॉक्टरांचा 210 दाबला, डॉक्टरांनी उचलला. “सर, पेशंटचा फोन आहे,” सिस्टर म्हणाल्या. माझ्या मोबाइलवरचा कॉल तोवर तुटलेला.

हे वळण वायरच्या फोनने लावलेलं. तिथे हुकवर टक् केलं की काम व्हायचं. कॉर्डलेसला हुकच नाही, म्हणून त्याच्या जागी लाल-हिरवं. पण लाल दाबून हिरवं दाबेपर्यंत सहज सेकंदाच्या वर जातो. ईपीएबीएक्सच्या दृष्टीने सिस्टरांनी फोन ठेवला आणि नवा उचलला. डायल टोन येतो, नंबर लागतो, डॉक्टर बोलतात, सगळं बरोबर दिसतं. फक्त पेशंटचा नातेवाईक गायब.

“म्हणजे मीच कट करत होते?” सिस्टर जरा हिरमुसल्या. तसं नव्हतं. ‘आर’ने पहिल्याच दिवशी काम केलं असतं तर त्यांचा अंगठा लाल बटणाकडे वळलाच नसता.

दुरुस्ती मेनूत होती. सेटिंग, मग बेस (लाइन जोडलेला, हँडसेट ठेवायचा डबा), मग ‘रिकॉल’ किंवा ‘फ्लॅश टाइम’ या नावाची यादी. त्यात 80 पासून 900 पर्यंत आकडे असतात. 600 निवडलं. पुन्हा तोच प्रयोग केला: ‘आर’ दाबताच माझ्या कानात होल्डचं संगीत, सिस्टरांच्या कानात तुटक डायल टोन. मग 210, डॉक्टरांनी उचललं की दोन शब्द सांगायचे आणि लाल बटण. आता लाल बटण योग्य वेळी आलं.

कुणी विचारेल, ईपीएबीएक्समधलाच पट्टा 100 पर्यंत खाली का नाही आणला? आणता येतो. पण तो सोळाही एक्स्टेन्शनला लागू झाला असता, आणि 70 च्या इतक्या जवळ गेलं की लाइनवरचा एखादा झटकासुद्धा फ्लॅश म्हणून धरला जातो. वरची मर्यादा वाढवणं तर आणखी वाईट. कुणी फोन आपटून लगेच उचलला की ईपीएबीएक्सला वाटतं फ्लॅश दिला, जुना कॉल होल्डवर राहतो आणि नंतर भूत असल्यासारखा वाजतो. एका फोनसाठी सगळ्या घराचे नियम बदलू नयेत, असं माझं मत.

दोन शून्यांचं गणित

मिस्ड कॉलची तक्रार ऐकताच उमगली, पण तिच्यात एक गंमत होती. सिस्टर म्हणत होत्या, “कधी रिसेप्शनला लागतो, कधी नुसतं पीं-पीं करतो. काही नेमच नाही.” नेम होता. या ईपीएबीएक्समध्ये बाहेरची लाइन घ्यायला 0, आणि रिसेप्शनला 9. मिस्ड कॉलच्या यादीत मोबाइलचा दहा आकडी नंबर येतो. तो तसाच लावला आणि 9 ने सुरू होत असेल, तर पहिल्याच आकड्याला रिसेप्शन वाजतं, बाकीचे नऊ आकडे हवेत जातात. 8 किंवा 7 ने सुरू होत असेल तर ईपीएबीएक्सला काही अर्थ लागत नाही आणि तो पीं-पीं करतो.

त्यावर आणखी एक शून्य. 15 जानेवारी 2021 पासून देशभर लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन लावताना आधी 0 लावावा लागतो. मोबाइलसाठी अडीचशे कोटींच्या वर नवे नंबर मोकळे व्हावेत म्हणून तो नियम आला. घरच्या लँडलाइनवर त्याने एक शून्य वाढलं. ऑफिसात दोन झाली: पहिलं ईपीएबीएक्सचं, दुसरं सरकारचं. अजूनही कितीतरी ऑफिसांत लोक एकच शून्य लावतात, ‘कृपया नंबरच्या आधी शून्य लावा’ ही टेप ऐकतात आणि म्हणतात, “लावलं की!”

हाताने डायल करताना हे जमतं. संच स्वतः साठवलेला नंबर लावतो तेव्हा तिसरी भानगड येते. पहिल्या शून्यानंतर ईपीएबीएक्सला बाहेरची लाइन पकडायला जरा वेळ लागतो. माणूस त्या वेळात डायल टोन ऐकतो. संच थांबत नाही, तो आकडे भराभर ओततो आणि सुरुवातीचे एकदोन वाया जातात. म्हणून मध्ये ‘पॉज’ घालायचा. ठरावीक बटण दाबून धरलं की पडद्यावर ‘पी’ उमटतो. त्या जागी संच दोनेक सेकंद थांबतो.

तर फोनबुकातला प्रत्येक मोबाइल नंबर असा हवा: 0, पी, 0, मग दहा आकडे. ताईंनी स्वतःच्या मोबाइलमधून बघून सगळे नंबर नुसते दहा आकडी भरले होते. भूलतज्ज्ञ, रक्तपेढीतले, अॅम्ब्युलन्सवाले, ऑक्सिजन सिलिंडरवाले. ते मी आणि ताईंनी बसून पुन्हा भरले. 108 आणि 112 मात्र 0, पी आणि तीन आकडे असे, तिथे दुसरं शून्य नको. हे दोन नंबर फोनबुकात सगळ्यात वर यावेत म्हणून त्यांच्या नावाआधी इंग्रजी ए दोनदा टाकला. दिसायला ओंगळ, पण रात्री तीनला शोधावं लागत नाही.

मिस्ड कॉलच्या यादीला हा उपाय चालत नाही, कारण ती यादी आपण भरत नाही. सुदैवाने या संचात ‘अॅक्सेस कोड’ नावाची सोय होती. जो कोड भराल तो संच स्वतःच नंबरच्या आधी लावतो. आणि तो ‘सगळ्या कॉलना’ लावायचा की ‘फक्त यादीतून लावलेल्या कॉलना’, हेही विचारतो. इथे दुसराच पर्याय घ्यायचा. पहिला घेतला तर 210 दाबूनही संच 00210 लावेल आणि डॉक्टर कधीच सापडणार नाहीत. ही सोय सगळ्या संचांत नसते. ऑफिससाठी कॉर्डलेस घेताना रंग आणि पडद्याचा आकार बघण्याऐवजी एवढं एक विचारून घ्यावं.

एक पीळ तरीही राहिला. आतल्या एक्स्टेन्शनवरून आलेला मिस्ड कॉल यादीत ‘210’ असा दिसतो, आणि त्याच्यावर परत लावला की संच त्यालाही दोन शून्यं चिकटवतो. त्यावर मेनूत उपाय नाही. सिस्टरांना सांगितलं, तीन आकडी नंबर दिसला तर हाताने दाबा.

बारा आणि आठ

आवाज तुटण्याची वेळ ऐकून मी वर गेलो तो थेट वॉर्डाच्या टोकाच्या पॅन्ट्रीत. नातेवाइकांनी आणलेले डबे गरम करायला तिथे मायक्रोवेव्ह ठेवलाय. बारा आणि आठ या जेवणाच्या वेळा. हा कॉर्डलेस 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा. मायक्रोवेव्हही 2.45 च्या आसपास, आणि खालचा वाय-फाय राउटरही त्याच पट्ट्यात. आपल्याकडे 2005 पासून हा पट्टा विनापरवाना खुला आहे, त्यामुळे ज्याला जागा लागते तो तिथेच येऊन बसतो. मी कपभर पाणी आत ठेवून मायक्रोवेव्ह चालू केला आणि दारात उभं राहून रिसेप्शनशी बोललो. ताईंचा आवाज चिरफाळ्या होऊन येत होता. मायक्रोवेव्ह थांबला आणि वाक्य सलग झालं.

पण दोष एकट्या मायक्रोवेव्हचा नव्हता. बेस ठेवला होता तळमजल्यावर, रिसेप्शनच्या टेबलाखालच्या लोखंडी रॅकमध्ये, एका बाजूला वाय-फाय राउटर आणि दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. तिथून वॉर्डापर्यंतच्या वाटेत एक्स-रे रूमची जाड भिंत आणि शिसं लावलेलं दार. अशा संचांचा पल्ला इमारतीच्या आत साधारण 50 मीटर, मोकळ्या मैदानात 300 मीटर लिहिलेला असतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात मैदानाचाच आकडा असतो. इथे वॉर्डात पोचेपर्यंत सिग्नल आधीच मरणपंथाला लागलेला, आणि त्यावर मायक्रोवेव्ह. बेस जवळ आणला तर तोच मायक्रोवेव्ह फारसा त्रास देणार नव्हता.

बेस खाली का होता? तर “लाइन खाली आहे ना,” म्हणून. खरं तर कॉर्डलेसच्या बेसला बाहेरची लाइन लागत नाही, एक्स्टेन्शनची जोडी लागते, आणि ती वॉर्डात आधीपासून होती. जुना वायरचा फोन त्याच जोडीवर तर चालत होता! नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर औषध कंपनीच्या कॅलेंडरमागे रोझेट, म्हणजे फोनची वायर लावायची डबी, तसाच होता. खाली क्रोनवर (सगळ्या जोड्या जिथे जुळवतात ती पट्टी) 204 चा जंपर, म्हणजे जोडणारी तार, काढून रिसेप्शनच्या टेबलाकडे वळवला होता, तो परत जुन्या जोडीवर मारला. बेस वर आला, भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, लोखंडी कपाटापासून लांब.

इथे डॉक्टरांनी एक प्रस्ताव ठेवला. मुलगा अमेरिकेत असतो, त्याने एक भारी कॉर्डलेस आणून ठेवला होता, न उघडलेला. “डेक्ट 6.0 लिहिलंय त्यावर, मायक्रोवेव्हचा त्रास नाही म्हणे. तोच लावून टाका.” डेक्ट म्हणजे कॉर्डलेसचं एक वेगळं तंत्र. मायक्रोवेव्हबद्दल त्यांचं खरं आहे. पण अमेरिकेतले ते संच 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर बोलतात. युरोपातल्या डेक्टला 1880 ते 1900 दिलेलं आहे, अमेरिकेने वेगळं दिलं. आपल्याकडे 1920 पासून पुढचा भाग मोबाइलने टॉवरशी बोलायचा आहे. तिथे चोवीस तास चालू असणारा बेस लावला तर आसपासच्या टॉवरला आपल्या ग्राहकांचं ऐकू येईनासं होतं, आणि कंपनीचे लोक यंत्र घेऊन माग काढत दारात येतात. अशा संचाला इथे परवानगी नाही. शिवाय त्याचा अॅडाप्टर 110 व्होल्टचा. डॉक्टरांनी खोकं परत कपाटात ठेवलं, जरा नाइलाजाने.

बेसला वीज लागते ही गोष्टही हॉस्पिटलांत विसरली जाते. ईपीएबीएक्सला बॅटरी आहे, पण लाइट गेली की बेस बंद, आणि बेस बंद की हँडसेट म्हणजे नुसतं खेळणं. म्हणून बेसचा अॅडाप्टर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घेतला, आणि जुना वायरचा फोन त्याच रोझेटवर समांतर ठेवून दिला. त्याला वेगळी वीज लागत नाही. मॅडमना तो टेबलावरचा अडथळा वाटत होता. मी म्हटलं, तो राहू दे, यावर वाद नको.

रात्री मरणारा हँडसेट

ही तक्रार बेस वर आल्यावरच अर्धी सुटली, कारण चार्जर बेसमध्येच होता. रात्री हँडसेट चार्जिंगला लावायला एक मजला उतरायचं कोण? तो टेबलावर पडून राहायचा. राहिलेली अर्धी झाकण उघडल्यावर दिसली. आत टीव्हीच्या रिमोटमधले असतात तसे साधे सेल! हँडसेटमध्ये एएए मापाचे, 1.2 व्होल्टचे, चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल लागतात. कुणीतरी मदत म्हणून मेडिकलमधून नेहमीचे आणून घातले होते. माप तेच, फोन चालूही झाला. पण साधा सेल चार्जरवर ठेवला की फुगतो, गळतो. एका स्प्रिंगवर पांढरी पूड धरायला लागली होती. ती साफ करून योग्य सेल घातले आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पट्टी चिकटवली: ‘फक्त चार्जिंगचे सेल’.

दुसरा हँडसेटही जोडला, स्पेशल रूमच्या बाजूसाठी. बेसवरचं शोध-बटण दाबून धरायचं, हँडसेटच्या मेनूत ‘रजिस्टर’ घ्यायचं, पिन 0000. मिनिटभराचं काम. समजावण्यात जास्त वेळ गेला, कारण मॅडमची समजूत अशी झाली की आता दोन फोन म्हणजे दोन लाइन. तसं नाही. दोन्ही हँडसेट एकाच 204 वर आहेत. एक बोलत असेल तर दुसऱ्याला बाहेरून काही येणार नाही. आपसात बोलायला मात्र ‘इंटरकॉम’ आहे, तो बेसमार्फत चालतो, ईपीएबीएक्सचा त्यात संबंध नाही. आणि ‘लिसन-इन’ नावाचं सेटिंग बंद केलं. ते चालू असेल तर एका हँडसेटवर चाललेलं बोलणं दुसऱ्यावर हिरवं दाबून ऐकता येतं. घरात सासू-सुनेत त्यावरून काय होईल ते होवो, पेशंटच्या रिपोर्टबद्दलचं बोलणं तिसऱ्या कानात जाता कामा नये.

फ्लॅशची वेळ, अॅक्सेस कोड, पिन आणि लिसन-इन, एवढ्या चार गोष्टी कागदावर लिहून बेसच्या मागे लावल्या. पिन विसरला तर कुणीतरी फॅक्टरी रिसेट मारणार, आणि रिसेट मारला की ‘आर’ पुन्हा 100 वर जाणार.

थिएटरच्या सिस्टरांनी हे सगळं बघून तिसरा हँडसेट मागितला. बेसला आणखी हँडसेट जोडता येतात, पण मी नको म्हटलं. वॉर्डात कुणी नातेवाइकाशी बोलत असताना थिएटरला रक्तपेढीचा फोन घ्यायचा असेल, तर एकाच 204 वर ते कसं व्हायचं? थिएटरला स्वतःचं एक्स्टेन्शन आणि स्वतःचा बेस हवा. ईपीएबीएक्समध्ये दोन पोर्ट मोकळे आहेत. पण दुसऱ्या मजल्याला जाणाऱ्या केबलमधली मोकळी जोडी लिफ्टच्या कामात तुटलेली निघाली, आणि नवी ओढायची तर जिन्याचं फॉल्स सीलिंग उघडावं लागेल. केबलचं आणि सुताराच्या मजुरीचं कोटेशन मॅडमकडे दिलंय.